घरटी एक उभा माणूस

१४ जानेवारी १९६०

आज भेंडखार ग्रामपंचायतीचा सरपंच झालो. दोघे सोडून सगळ्या पंचांनी माझ्या नावाला हात वर केला. ते दोघे कोण ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. उद्या त्यांच्याच अंगणात चहा प्यायचा आहे.

पुण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवालदार, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताळ्यावर राहील. रोज लिहिणं काही जमलं नाही. डोकं ताळ्यावर आहे की नाही ते माझ्या बायकोला, कोकिळेला विचारावं.

खरं लिहायचं तर सरपंचकी मला मिळाली नाही, माझ्या डाव्या पायाला मिळाली, आणि तो माझ्याकडे नाही. सन अठ्ठेचाळीसला काश्मिरात सुरुंगावर पडला तो तिकडेच राहिला. प्रचाराच्या सभेला अलिबागहून शरच्चंद्र वकील आले होते. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांचे चिरंजीव, पक्षाचे आमच्या तालुक्यातले कर्ते, बोलणं लोण्यासारखं. मी भाषणाला उभा राहिलो तसे कानाशी येऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, जरा विजार वर घ्या." मी घेतली. लाकूड, पट्टे, बकल, सगळं पेट्रोमॅक्सच्या उजेडात दिसलं. एक म्हातारी रडायला लागली आणि मग टाळ्या पडल्या. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं मला झालं. पण निवडून आलो हेही खरं.

घरी आलो तर कोकिळेने ओवाळलं, तीळगूळ दिला आणि म्हणाली, "आता तरी गावावर चिडू नका." मी गावावर कधी चिडतो?

१७ मार्च १९६०

आज जोळ होती.

परक्या माणसाला आमचं गाव समजायचं नाही. एका बाजूला धरमतरची खाडी, एका बाजूला भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. बांध आहे म्हणून गाव आहे. तो फुटला, म्हणजे आमच्या भाषेत खांड पडली, आणि खारं पाणी शेतात शिरलं की पुढची तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून होळी झाली की जोळ निघते. घरटी एक उभा माणूस बांधावर आलाच पाहिजे. चांगदेवतात्या उंचावर उभे राहून घरं पुकारतात. कोणतं घर कोणाच्या मागे ते त्यांच्या आजापासून ठरलेलं आहे, कागद कुठे नाही. नाव पुकारलं की त्या घरचा माणूस "हाय" म्हणतो आणि रांगेत आपल्या जागी उभा राहतो. मग खाडीच्या अंगाने चिखलाचे गोळे हातोहात वर येतात. बायका खेकड्यांच्या बिळांत पेंढा कोंबून वर चिखल थापतात. तीन-चार दिवस हेच.

"रावजीचं घर!" तात्यांनी आमचं घर पुकारलं.

"हाय," कोकिळा म्हणाली.

पन्नास सालापासून तीच म्हणते आहे. त्याच्या आदल्या वर्षी मी स्वतः उतरलो होतो. लाकडी पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि येईना. चौघांनी काखेत हात घालून ओढून काढला. लोक हसले, वाईट मनाने नाही, पण हसले. तेव्हापासून माझ्याकडे पाणी पाजायचं काम दिलं आहे. सरपंच झालो तरी आज भेंडीच्या झाडाखाली कळशी घेऊन बसलो होतो. येणारा प्रत्येक जण "हवालदारदादा, कसं काय?" म्हणत पाणी पिऊन जाई. त्या "दादा"मध्ये मला कीव ऐकू येते.

कोकिळा रांगेत जनीच्या शेजारी असते. जनी विधवा, मूलबाळ नाही, तिचं एकच शेत, तेही सगळ्यांत सखल, अगदी बांधाच्या कुशीत. दोघी मांड्यांपर्यंत चिखलात उभ्या राहून कसल्याशा गोष्टीवर खदाखदा हसत होत्या. घरी कोकिळा अशी हसत नाही. नवऱ्याच्या जागी चिखलात उभी राहिलेली बाई हसते तेव्हा ती आतून रडत असते, एवढं मला कळतं.

ती पुन्हा माझ्यासाठी चिखलात उतरणार नाही असं मी आज ठरवलं आहे.

३ मे १९६०

अलिबागला गेलो होतो. नव्या राज्याच्या पताका अजून रस्त्यावर होत्या. शरच्चंद्रांच्या ऑफिसात बसलो असताना त्यांनी आपणहून विषय काढला. सरकार आता खारबांध आपल्या ताब्यात घेणार आहे. दगडी पिचिंग, म्हणजे बांधाला दगडांचं अस्तर होईल, डागडुजी सरकारी खातं करील. गावाने फक्त ठराव द्यायचा की बांध सरकारच्या स्वाधीन केला, यापुढे त्यावर गावाचा हक्क नाही आणि जोळ बंद.

"काम करून दाखवणारा सरपंच म्हणून नाव होईल," ते म्हणाले. "पुढे जिल्ह्याचा कारभार लोकांच्या हाती यायचाय. तिथे तुमच्यासारखी माणसं लागतील."

मी जिल्ह्याचा विचार केला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण त्याआधी मी कोकिळेच्या पायांचा विचार केला. चैत्रापर्यंत तिच्या पोटऱ्यांवर शिंपल्यांचे ओरखडे असतात.

२२ मे १९६०

देवळाच्या मंडपात ग्रामसभा झाली. मांडी घालायला जागा नव्हती.

ठराव मी वाचून दाखवला. चांगदेवतात्या उठले. तात्यांना भाषण येत नाही, ते खांबाला हात लावून बोलतात. "बांध सरकारचा झाला की मानूस बांधाकडं बगनार न्हाय," ते म्हणाले. "सरकारला शिव्या घालायला मोकळा व्हईल. पर खाडी काय सरकारला वळखते?" म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तरुणांत चुळबुळ सुरू झाली. सभा हातची जाते की काय असं वाटलं.

तेव्हा मी उभा राहिलो आणि विजार वर घेतली. या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मी पाय दिला तो देश स्वतंत्र झाला म्हणून दिला. आपल्या बायकांनी अजून शंभर वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहावं म्हणून नाही दिला. सरकार आपलं आहे. आपल्या सरकारवर विश्वास ठेवायचा नसेल तर माझा पाय मला परत आणून द्या." मग हात वर झाले. तात्या खाली मान घालून बसून राहिले, त्यांचंही वाईट वाटलं.

बायका मागे बसल्या होत्या. जनीने हात वर केला. कोकिळेने नाही केला. चारचौघांत लाजते ती.

रात्री जेवताना म्हणाली, "मंग आता होळीनंतर मी कुठं जाऊ?"

"कुठं म्हणजे? घरी बस आरामात."

"व्हय," ती म्हणाली आणि भाकरी वाढली.

तिच्या मनावरचं ओझं उतरायला थोडे दिवस लागतील.

२ डिसेंबर १९६०

ओव्हरसिअर आले. सज्जन माणूस. बांधाची मापं घेतली, चहा घेतला. उत्तरेकडच्या निम्म्या बांधाला यंदा दगड लागेल, दक्षिणेकडच्या निम्म्याला पुढच्या हंगामात. मी सलाम ठोकला, हात आपोआप वर गेला.

८ मार्च १९६१

होळी होऊन आठवडा झाला. या वर्षी जोळ नाही. गावात असं सामसूम आहे की सुतक असावं. पोरं सोंगट्या खेळतात. कोकिळेने दोन दिवसांत घर दोनदा सारवलं. काल विचारलं तर म्हणाली, "हाताला सवय झालीय."

बांधाच्या उत्तरेला दगड छान बसले आहेत. दुपारी मी तिथे उभा राहिलो होतो. आपण काहीतरी केलं असं वाटून ऊर भरून आला. लांब दक्षिणेला चांगदेवतात्या एकटेच काठी टेकत चालले होते, मध्येच वाकून काही पाहत होते. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.

१९ एप्रिल १९६१

आज घरात भांडण झालं, ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणाचं चुकलं ते शांतपणे बघता येईल.

पोयनाडच्या बाजारातून परत येत होतो. बांधाच्या दक्षिणेला दोन बायका वाकलेल्या दिसल्या. जवळ गेलो तर कोकिळा आणि जनी. पदर खोचलेले, हात कोपरापर्यंत चिखलात, बिळं बुजवत होत्या.

"हे काय चाललंय?"

जनी म्हणाली, "दादा, लई पोखरलंय वो. खेकड्यांनी चाळन केलीय. माज्या शेताच्या डोक्यावरच हाय."

"मग मला सांगायचं. मी खात्याला कळवतो. हा बांध आता सरकारचा आहे, त्यावर कुणीही उठून चिखल थापायचा नसतो. आणि तू," हे कोकिळेला, "सरपंचाची बायको. लोक म्हणतील बांध सरकारला दिला आणि बायको लपूनछपून जोळ करते. माझा शब्द काय उरला?"

कोकिळा उठली. हात धुतले नाहीत, तशीच घरी आली. संध्याकाळी मी पुन्हा समजावून सांगायला गेलो तर एकच वाक्य बोलली. "तुमाला चिखलाची लाज वाटते, मला न्हाय वाटत."

मला लाज वाटते? ज्याने खंदकात तीन-तीन दिवस चिखलात काढले त्याला? तिच्यासाठी मी एवढं केलं आणि हे ऐकून घेतो आहे. आत्ताच खात्याला पत्र लिहिलं.

४ मे १९६१

खात्याचं उत्तर आलं. पत्र पावलं, पाहणी करून योग्य ती कार्यवाही होईल. जनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं." मी पत्र नीट जपून ठेवलं आहे.

२४ सप्टेंबर १९६१

आज भाद्रपदी पौर्णिमा. भात निसवलंय, लोंब्यांत दूध भरतंय. असं पीक गेल्या दहा वर्षांत आलं नव्हतं.

सकाळी चांगदेवतात्या दारात आले. ठराव झाल्यापासून त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नव्हती. म्हणाले, "चला, दाखवायचं हाय." जनीच्या शेताच्या वर बांधाच्या पोटातून पाणी झिरपत होतं. मनगटाएवढं भोक असेल. तात्यांनी बोट लावून चाखलं, मग मला चाखायला लावलं. खारट.

"परवाच्या उधानाला हे त्वांड उगडंल," ते म्हणाले. "आज मानसं लावा."

मी म्हटलं, तात्या, रीतसर जाऊ. उद्या पहिल्या गाडीने मी अलिबागला जातो. खात्याचे मजूर येतील, दगड येतील, पक्कं काम होईल. आपण अर्धवट हात लावला तर उद्या खातं म्हणेल, तुम्हीच बिघडवलंत.

तात्यांनी काठी उचलली. "तुमी सरपंच," म्हणाले आणि गेले.

२५ सप्टेंबर १९६१

अलिबागला दिवस गेला. साहेब चांगले बोलले, खुर्ची दिली. मजूर दुसऱ्या खाडीवर गुंतले आहेत, शुक्रवारी मिळतील. शुक्रवार फार लांब आहे असं मी म्हणालो तर ते म्हणाले, एवढं तातडीचं असेल तर तोपर्यंत गावकऱ्यांनी थोडी डागडुजी करायला आमची हरकत नाही. हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर. पण मी तरी कधी विचारलं?

शेवटच्या गाडीने परतलो. उद्या सकाळीच दवंडी देतो.

२७ सप्टेंबर १९६१

कालचं सगळं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी दवंडी पिटली. देवळासमोर माणसं जमली, पण गोळा होऊन उभी राहिली नुसती. मी भाषण केलं. पल्टणीत असतो तर हुकूम सोडला असता, इथे भाषण करावं लागतं. बोलता बोलता हात विजारीकडे गेला. पुढे मोरू उभा होता, गेल्या वर्षी ठरावाला पहिला हात त्याने वर केला होता. तो म्हणाला, "दादा, पाय बगितलाय आमी. पर बांध सरकारचा न्हाय का? आमी हात लावला नि पडला मंग?" हे माझेच शब्द होते, जसेच्या तसे. मी पुन्हा भाषण सुरू केलं.

तेवढ्यात कोकिळा पाटी काखेत मारून समोरून गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरच्या आळीच्या पहिल्या दारात उभी राहून तिने हाक मारली, मग दुसऱ्या दारात, मग तिसऱ्या. तात्या ज्या क्रमाने घरं पुकारतात त्याच क्रमाने. तो क्रम तिला तोंडपाठ आहे हे मला माहीत नव्हतं. घराघरातून बायका बाहेर पडल्या, बायका निघाल्या तसे पुरुष निघाले. माझ्या भाषणाचाही थोडा उपयोग झाला असावा.

बांधावर पोचलो तेव्हा भोकाची खांड झाली होती, बैलगाडी जाईल एवढी. भरती चढत होती. तात्या उंचावर उभे राहून घरं पुकारू लागले. मी ओरडलो, "तात्या, नावं कसली घेताय, पाणी आलं!" त्यांनी ऐकलं नाही. एकेक घर "हाय" म्हणत आलं आणि आपल्या शेजाऱ्याजवळ उभं राहिलं. बघता बघता रांग लागली, कुणाला काही सांगावं लागलं नाही. फौजेत मी पुष्कळ फॉलिन पाहिलेत, असं नाही पाहिलं. सगळी घरं आली नव्हती. निम्मी असतील.

खांड बुजणार नव्हती, ते तात्यांनी लगेच ओळखलं. आतून वेढा घालायचा, म्हणजे फुटक्या जागेभोवती शेतातच नवा बांध उभा करायचा. वेढ्याच्या आतलं शेत खाडीला द्यायचं आणि बाकीचं वाचवायचं. तो कुठून जाईल ते तात्यांनी काठीने भातातून ओढून दाखवलं. त्यांचं स्वतःचं शेत खाडीकडे गेलं. जनीचं सगळं गेलं. माझं वाचलं.

जनी समोर उभी होती. तिने ती रेघ पाहिली. पदर खोचला आणि कोकिळेच्या शेजारी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. जो बांध तिचं शेत बाहेर टाकणार होता त्याला ती चिखल देत होती. एक गोळा चुकवला नाही तिने. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटच्या टोकाला काम अडलं. तिथे भुसभुशीत चिखल, उभा राहील तो कमरेपर्यंत रुते. दोघे तिघे धट्टेकट्टे उतरले आणि ओढून काढावे लागले. पाणी वेढ्याला लागलं होतं. मी पट्टे सोडले, पाय काढून ठेवला आणि घसरत त्या टोकाला जाऊन बसलो. उभा माणूस रुततो, बसलेला रुतत नाही. हातात गोळे येत राहिले, मी थापत राहिलो. पाणी आधी मांडीला, मग पोटाला, मग छातीला लागलं. भीती वाटली. सुरुंगाच्या वेळी वाटायला वेळच मिळाला नव्हता. मागून कोकिळेचा आवाज येत होता, "घ्या, घ्या, घ्या." एवढंच.

भरती थांबली तेव्हा वेढा टिकला होता. मला मोरूने आणि दुसऱ्या कुणी बाहेर काढलं.

गावचं दोन तृतीयांश भात उभं आहे. बाकीच्या भातात काल मासे उड्या मारत होते. आदल्या दिवशी जोळ लावली असती तर नुसतं भोक बुजवून भागलं असतं. तो दिवस मी अलिबागला खुर्चीवर बसलो होतो.

रात्री कोकिळा म्हणाली, "आपलं वाचलं," आणि रडायला लागली. मीही रडलो.

८ ऑक्टोबर १९६१

शरच्चंद्र येऊन गेले, बरोबर वर्तमानपत्राचा माणूस आणि कॅमेरा. मला वेढ्यावर बसवून फोटो काढला. "पाय जरा दिसू द्या," कॅमेरावाला म्हणाला. शरच्चंद्र परतताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, जिल्हा परिषदेची उमेदवारी आता कुणाचा बाप तुमच्याकडून काढून घेत नाही."

मी तात्यांचं नाव सांगितलं. जनीचं सांगितलं. वर्तमानपत्राचा माणूस लिहून घेत होता.

१५ ऑक्टोबर १९६१

अंक आला. "एका पायाच्या वीराने खाडी अडवली." तात्यांचं नाव नाही. जनीचंही नाही. लोक अभिनंदन करतात. मी अंक चुलीत घातला. कोकिळेने विचारलं, फोटो कसा आला? म्हटलं, बरा आला.

१९ नोव्हेंबर १९६१

जनी गेली. मुंबईला तिची मावसबहीण गिरणीच्या चाळीत राहते, तिथे धुणीभांडी करील. तीन वर्षं खाऱ्या शेताकडे बघत बसून पोट भरत नाही.

मी तिच्या घरी गेलो होतो. नुकसानभरपाईचा अर्ज केला आहे असं सांगायचं होतं, तेच सांगत बसलो. ती भांडी पोत्यात भरत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "दादा, तुमी वाईट न्हाय केलंत. तुमी इचारलंत नि आमी हात वर केलं."

मला वाटलं, चला, मन मोठं आहे बाईचं.

मग ती म्हणाली, "आमी तुमच्या पायाकडं बगून हात वर केलं. बांधाकडं कुनी बगितलंच न्हाय."

रागाने नाही बोलली. पोत्याचं तोंड बांधता बांधता बोलली. कोकिळा तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. मी जाऊ शकलो नाही. दारातच बसून राहिलो.

४ फेब्रुवारी १९६२

पोयनाडला पक्षाची मोठी सभा होती. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली आहे. माझं नाव पुकारलं तेव्हा शरच्चंद्रांनी विजारीकडे डोळ्यांनी खूण केली. मी विजार खाली सारखी केली आणि बोललो. भाषण पडलं. मागे लोक शेंगा खात होते.

उतरताना शरच्चंद्रांना सांगितलं, होळीनंतर गावात जोळ लावणार आहे. दक्षिणेचं काम खातं करील तेव्हा करील. त्यांचा चेहरा पडला. "अहो, सरकारला बांध देणारा सरपंच म्हणून तुमचं नाव पुढे केलंय मी. तुम्हीच उलटलात तर वर काय सांगू? उमेदवारीचं मग माझ्या हातात राहणार नाही."

मी म्हटलं, राहू दे.

हे "राहू दे" म्हणायला सोपं गेलं नाही. जिल्ह्यात खुर्ची मिळाली असती तर मी वाईट काम केलं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

२५ मार्च १९६२

कोण येईल कोण नाही याचा भरवसा नव्हता. दवंडी दिली नाही, भाषण केलं नाही. काल चांगदेवतात्यांच्या घरी जाऊन फक्त म्हणालो, "तात्या, उद्या पुकारा." ते म्हणाले, "आवाज ऱ्हायला न्हाय." म्हटलं, असेल तेवढा पुरे.

सकाळी सगळ्यांच्या आधी बांधावर गेलो. पट्टे सोडून पाय झाडाखाली ठेवला आणि चिखलाच्या कडेला बसलो. उन्हं चढू लागली तरी कुणी दिसेना. मग वरच्या आळीतून बायका येताना दिसल्या. त्यांच्या मागून मोरू आला. मग माणसं येतच राहिली. सगळी नाही, पण उधाणाच्या दिवशीपेक्षा जास्त.

तात्या चढले आणि पुकारू लागले. आवाज खरंच गेला आहे. मध्ये दम लागे, तेव्हा सगळे थांबत.

"रावजीचं घर!"

मी तोंड उघडलं होतं. पण कोकिळा आधी बोलली. "हाय," ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. सरळ मान, पदर खोचलेला. मी तिच्याकडे पाहिलं आणि इतकी वर्षं मी काय बघत होतो असं मला वाटलं. ती माझ्या जागी उभी नव्हती. ती तिचीच जागा होती.

तात्यांनी पुढचं नाव सवयीने घेतलं. "जनीचं घर!"

म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. ते थांबले. रांगेत कोकिळेच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. वेढ्याच्या पलीकडे जनीच्या शेतावर मिठाचा पांढरा पापुद्रा चढला होता.

"हाय," मी म्हणालो.

तात्यांनी वळून पाहिलं. "तुमचं घर आलंय की, हवालदार."

"ते आलं. मी जनीच्या घरचा."

कोणी हसलं नाही. हातांवर जोर देत मी सरकत रांगेपर्यंत गेलो. कोकिळेने एक पाऊल बाजूला होऊन जागा दिली. मी बसलो.

तात्यांनी पुढचं घर पुकारलं.